रोजचा नेम: एका वेळी एकच सवय, खाड्यांसकट

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेच्या चौकोनात मी फुली मारते आणि महिना संपला की खाडे मोजून दुधाचा हिशोब करते. मार्च 2023 पासून त्याच चौकोनांत निळ्या पेनाचा एक ठिपकाही असतो. रात्री वहीत एक ओळ लिहून झाली की ठिपका. दुधाला खाडे पडतात तसे यालाही पडतात, पण हिशोब बंद पडलेला नाही.

त्याआधीचं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. नोव्हेंबर 2021 मध्ये माझे बाबा गेले. वरवर सगळं सुरळीत होतं. डोंबिवलीहून रोजची लोकल, ऑफिस, मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं, कशातच कसूर नव्हती. आत मात्र सगळं विझून गेलं होतं. डबा परत आला एवढ्यावरून मुलावर ओरडायचे आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. 2023 च्या 1 जानेवारीला मी एकदम पाच संकल्प केले: पहाटे पाचला उठायचं, योगासनं, ध्यान, रोज दहा पानं वाचन आणि साखर बंद. संक्रांत येईपर्यंत पाचही सुटले. वाईट त्याचं नाही वाटलं, वाईट त्यानंतरचं होतं. ‘आपल्यात चिकाटीच नाही’ हा नवा दगड उरावर बसला.

1 मार्चला पुन्हा सुरुवात केली, एका ओळीपासून. तेव्हापासून जे जमलं, जे फसलं आणि का फसलं, ते इथे क्रमाने लिहिते. नोकरी आणि घर दोन्ही ओढणाऱ्या, सकाळी स्वतःसाठी तासभर काढणं ज्यांना शक्यच नाही, अशांसाठी हे आहे.

काय काय लागेल

- शंभर पानी साधी रेघांची वही. तारखा छापलेली डायरी घेऊ नका. चार दिवस लिहिलं नाही की कोरी पानं डोळ्यांसमोर येतात आणि वही उघडायचीच भीती वाटू लागते. साध्या वहीत शेवटच्या ओळीखाली आजची तारीख टाकायची, बस्स.
- एक पेन, दोऱ्याने वहीला बांधलेलं. घरात मूल असेल तर हे करावंच लागतं.
- भिंतीवरचं कॅलेंडर, जे तुम्ही तसंही रोज बघता ते.
- काट्यांचं गजराचं घड्याळ. ते का, ते सहाव्या पायरीत येईल.
- चालायला पायाला सवयीचे बूट किंवा चपला. नवे आणायची गरज नाही.

मोबाइलमधलं सवयींचं अ‍ॅप या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. मी दोन वापरून पाहिली. सलग किती दिवस झाले हे ती मोजत राहतात आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. चाळीस दिवसांनंतर तो शून्य बघितला की पुन्हा सुरू करायची इच्छाच मरते. शिवाय अ‍ॅप उघडायला फोन हातात घेतला की मिनिटभराचं काम अर्धा तास खातं.

1. पहिले सात दिवस काहीही बदलू नका, फक्त बघा

पहिला आठवडा फक्त नोंदींचा. रोज तीन गोष्टी लिहा: किती वाजता झोपलात आणि उठलात, दिवसातली सगळ्यात जड वेळ कोणती होती, आणि ती वेळ यायच्या आधी काय घडलं होतं.

माझ्या नोंदींत दोन गोष्टी लख्ख दिसल्या. पहिली, मी पाचला उठायचा हट्ट धरत होते, पण झोपत होते साडेबाराला. दुसरी, रविवारची संध्याकाळ. दर रविवारी सहानंतर पोटात खड्डा पडायचा. बाबांचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा, हे मला ती ओळ लिहिताना आठवलं. इतके महिने मी ते सोमवारच्या कामाचं दडपण समजत होते.

इथे घाई करू नका. कुठे दुखतंय हे कळल्याशिवाय औषध निवडलं तर ते दुसऱ्याचं औषध होतं. शेजारीण पहाटे टेकडीवर जाते म्हणून आपल्यालाही टेकडीच लागेल असं नाही.

2. एकच नेम निवडा, आणि तो आजारपणातही होईल इतका लहान ठेवा

‘संकल्प’ आणि ‘नेम’ यांत फरक आहे, तो मला माझ्या आजीमुळे कळला. आंघोळ झाली की तुळशीला पाणी, मग देवापुढे दिवा, मग चहा, असा तिचा क्रम. तिने त्यासाठी कधी निश्चय केला नाही की कुणाला सांगितलं नाही. शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली तेव्हा आई तुळशीला पाणी घालायची आणि आजी पलंगावरूनच खिडकीकडे बघून हात जोडायची. मग म्हणायची, ‘झाला नेम.’ तिच्या मनात तो मोडलेला नव्हता.

तुमच्या सवयीलाही असं पलंगावरचं रूप हवं. निवडताना स्वतःला विचारा: अंगात ताप आहे, घरात पाहुणे आहेत आणि ऑफिसातून यायला उशीर झालाय, अशा दिवशी हे होईल का? होणार नसेल तर अजून लहान करा.

- ‘रोज दोन पानं लिहीन’ऐवजी एक ओळ.
- ‘रोज पाऊण तास चालेन’ऐवजी इमारतीला एक फेरी.
- ‘वीस मिनिटं ध्यान’ऐवजी सहा सावकाश श्वास.
- ‘रोज मैत्रिणींशी बोलेन’ऐवजी एका माणसाला एक निरोप.

बरं वाटतंय त्या दिवशी जास्त करायला कुणाची ना नाही. मी कित्येकदा चार पानं लिहिली आहेत. पण ठिपका मिळतो तो एका ओळीला. चार पानांना वेगळा ठिपका नाही.

या पायरीवर बहुतेकांचं मन बंड करतं. एका ओळीने काय होणार, असं वाटतं. पहिल्या दोन महिन्यांत त्या ओळीने खरंच फार काही होत नाही. तेवढ्या काळात वहीकडे हात जायची सवय मात्र लागते. ओझं नंतर कितीही वाढवता येतं.

3. नेमाला खुंटी शोधा

सवय हवेत टांगता येत नाही, तिला खुंटी लागते. खुंटी म्हणजे आधीपासून रोज घडणारी, न चुकणारी गोष्ट. आजीची खुंटी आंघोळ होती. माझी खुंटी गॅसचा नॉब आहे. रात्री ओटा पुसून झाला, सिलिंडरचा नॉब फिरवला, की फ्रिजवरून वही खाली येते आणि ओट्यापाशी उभ्यानेच ओळ लिहिली जाते. बसायचं ठरवलं असतं तर खुर्चीत फोन हातात आला असता.

पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये नेमकं हेच मांडलं. ‘मी अमुक करीन’ असं नुसतं ठरवणाऱ्यांपेक्षा ‘तमुक घडलं की मी अमुक करीन’ असं ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम जास्त वेळा पार पडतं. मग आठवण ठेवायचं काम आपल्याकडे राहत नाही, ते प्रसंगाकडे जातं.

चालतील अशा खुंट्या: दात घासून ब्रश जागेवर ठेवला की, चहाचं आधण ठेवलं की, मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवलं की, ऑफिसात डबा उघडायच्या आधी, घरी आल्यावर चपला काढल्या की.

न चालणाऱ्या खुंट्या: ‘वेळ मिळाला की’, ‘मूड लागला की’, ‘रात्री केव्हातरी’.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडले. चालण्यासाठी मी मुलाच्या शाळेची बस ही खुंटी धरली होती. सोमवार ते शुक्रवार ठीक चाललं. मग मे महिन्याची सुट्टी लागली, बस बंद आणि चालणंही बंद. खुंटी बारा महिने असते का हे आधी तपासा. सुट्टीसाठी दुसरी खुंटी आधीच ठरवून ठेवा. आता माझी शनिवार-रविवारची आणि सुट्टीतली खुंटी भाजी आणणं ही आहे. मार्केटला सरळ न जाता मागच्या रस्त्याने वळसा घालून जाते.

4. ओळीत काय लिहायचं: आधी भावनेचं नेमकं नाव

ही पायरी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, म्हणून इथे जरा थांबते.

माझ्या पहिल्या महिन्यातल्या ओळी अशा आहेत: ‘आज बोअर झालं.’ ‘आज टेन्शन.’ ‘आज पुन्हा टेन्शन.’ पानंच्या पानं दोन शब्दांवर भागली आहेत. नंतर ज्या समुपदेशक बाईंकडे मी गेले त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, ‘टेन्शन हा डबा झाला. झाकण उघडून आत काय आहे ते लिहा.’

मग मी शब्द शोधू लागले आणि आपल्या भाषेत ते किती आहेत हे पहिल्यांदा जाणवलं. मुलगा सहलीला गेला तेव्हा होती ती हुरहूर. निरोप आला नाही म्हणून सुरू झाली ती घालमेल. सासूबाईंना उलट बोलले, मग दिवसभर राहिली ती रुखरुख. मैत्रिणीच्या बढतीचं ऐकून झाला तो जळफळाट, आणि त्याच्या तळाशी होती स्वतःबद्दलची खंत. मीटिंगमध्ये बोलायचं होतं आणि कुणी बोलू दिलं नाही, ती घुसमट. ठरलेली सुट्टी नाकारली गेली, तो हिरमोड. बाबांचा चष्मा कपाटात सापडला तेव्हा काय झालं याला मला अजूनही ‘गलबलून आलं’ यापेक्षा जवळचा शब्द मिळालेला नाही.

शब्द नेमका असला की उपाय आपोआप वेगळा होतो. रुखरुख असेल तर माफी मागता येते. घुसमट असेल तर उद्या बोलायचं ठरवता येतं. हुरहूर असेल तर काही करायचं नसतं, ती ओसरते. ‘टेन्शन’ला काय करणार?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतले मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये याचा मेंदूच्या स्कॅनवर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेला शब्द निवडायला सांगितला. शब्द देताना मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे धोका दिसला की खवळणाऱ्या भागाची, हालचाल कमी झालेली दिसली. ओट्यापाशी उभं राहून ‘घुसमट’ लिहिल्यावर खांदे खाली येतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

एका ओळीची सवय मुरली की तीन ओळींचा साचा वापरून बघा. विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडली, तिच्यावर हा आधारलेला आहे. घटना, त्यावर मनात आलेला विचार आणि त्यातून झालेली भावना, या तीन गोष्टी वेगळ्या लिहायच्या. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

घटना: साहेबांनी माझी मेल वाचून उत्तर दिलं नाही.
विचार: माझं काम त्यांना पसंत नाही. मला काढतील.
भावना: धास्ती. रात्री जेवण गेलं नाही.

लिहिल्यावर दिसतं की पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये जे आहे ते मी घातलेलं आहे. त्याखाली मी चौथी ओळ लिहिली होती: ‘आज त्यांचं ऑडिट होतं.’ धास्ती एका मिनिटात गेली असं म्हणणार नाही, पण झोप लागली.

कृतज्ञतेची यादी बरेच जण सुचवतात. माझं मत असं की मन खोल गेलेलं असताना ती स्वतःवर लादू नये. तेव्हा ‘आज मी या तीन गोष्टींसाठी आभारी आहे’ हे खोटं लिहिलं जातं आणि वहीशी खोटं बोलायची सवय लागली की वही संपली. आधी खरं लिहा. चांगलं काही घडलं असेल तर ते आपण होऊन ओळीत येतं.

मोठं दुःख असेल तर त्यासाठी वेगळी पद्धत आहे. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं मनातल्या सगळ्यात खोल जखमेबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्त वाईट वाटलं, फायदा पुढच्या महिन्यांत दिसला. मी बाबांना उद्देशून असे चार दिवस लिहिलं. चारही रात्री रडले. म्हणून हे करायचं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल, घरात विश्वासाचं कुणी असेल, असे दिवस निवडा. लिहिताना अंगाला कंप सुटला, श्वास कोंडला, तर थांबा आणि हा भाग समुपदेशकासोबत करा.

5. खाडा पडणारच, त्याचा नियम आधी ठरवा

‘21 दिवसांत सवय लागते’ हे तुम्ही ऐकलं असेल. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात. तोंडातोंडी त्यातला ‘निदान’ गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली यांनी हे प्रत्यक्ष मोजलं. 96 जणांनी 12 आठवडे रोज एक नवी गोष्ट केली. ती न आठवता, आपोआप व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरतील, तर कुणाला 254 लागतील, असा हिशोब निघाला. त्यात मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता.

मी हे वाचलं तेव्हा माझा 22 वा दिवस उलटून गेला होता आणि नॉब फिरवल्यावर वही आठवून काढावी लागत होती. आपल्यातच खोट आहे असं मी धरून चालले होते. सुमारे तीन महिन्यांनी एका रात्री लिहून झाल्यावर लक्षात आलं की आज आठवावं लागलंच नाही.

नियम दोनच ठेवा. एक, सलग दोन खाडे पडू द्यायचे नाहीत. दोन, बुडालेल्या दिवसाची भरपाई करायची नाही. ‘काल राहिलं म्हणून आज दोन’ असं सुरू झालं की आठवड्याने सात होतात आणि मग सगळंच सुटतं. कॅलेंडरवर ठिपक्याच्या जागी फुली मारा आणि पुढे चला. महिनाअखेरीला दुधाचे खाडे मोजता तसे हेही मोजा, राग न धरता. माझ्या पहिल्या मार्चमध्ये 9 खाडे होते, गणपतीच्या महिन्यात 11.

खाडे कधी पडणार हे बरंचसं आधी माहीत असतं: गणपती, दिवाळी, घरचं लग्न, मुलांची परीक्षा, ऑफिसचा मार्चअखेर. त्या दिवसांसाठी पलंगावरचं रूप आधीच ठरवा. माझं आहे एकच शब्द. 2023 च्या दिवाळीतल्या पाच दिवसांच्या नोंदी पाच शब्दांच्या आहेत आणि त्यांतला एक ‘पोकळी’ आहे.

6. झोप, चालणं, चहा

मनाच्या सवयी शरीरावर उभ्या असतात. यात फार सांगण्यासारखं नाही, पण टाळता येणारंही नाही.

उठायची वेळ आधी पक्की करा, झोपायची आपोआप मागे सरकते. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी. पाचला उठायचं तर दहाला आडवं व्हायला हवं, आणि ते घरात शक्य नसेल तर पाचचा नाद सोडा. मी पावणेसहाला उठते. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो. त्यासाठीच ते गजराचं घड्याळ, नाहीतर गजराच्या निमित्ताने फोन उशाशी येतो.

चहातलं कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कडक चहा अकरा वाजता अर्धा शरीरात असतो. मी शेवटचा चहा चारला घेते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम हवा. म्हणजे रोज साधारण 22 मिनिटं, तीही एकदम नकोत. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी गेलं तर तेही धरा. पावसाळ्याचा विचार आधी करा. जून ते सप्टेंबर छत्री घेऊन फिरायला जाईन हे मे महिन्यात खरं वाटतं. जुलैत कुणी जात नाही. मी इमारतीचा जिना तीन वेळा चढते-उतरते.

7. प्रवासातली वीस मिनिटं स्वतःची करा

डोंबिवलीहून स्लो लोकलने ठाण्यापर्यंत कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा ही स्टेशनं लागतात. कोपरला फोन बॅगेत जातो आणि ठाण्याला बाहेर येतो. मधल्या वेळात काही करत नाही. मुंब्र्याचा डोंगर दिसला की सहा श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. गर्दीत उभ्यानेही होतं, डोळे मिटावे लागत नाहीत. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा, त्याने हृदयाची गती खाली येते. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

बसने, दुचाकीने जाणाऱ्यांनी आपापली स्टेशनं शोधावीत. दुचाकीवर मात्र हे सिग्नललासुद्धा करू नका, गाडी लावल्यावर करा.

8. घरच्यांना काय आणि किती सांगायचं

बाईने घरात पंधरा मिनिटं दार लोटून बसणं अजूनही अनेक घरांत विचारावं लागतं. गुपचूप करायला गेलं तर दोन दिवसांत कुणीतरी हाक मारतं आणि नेम तिथेच संपतो. मी नवऱ्याला आणि सासूबाईंना एवढंच सांगितलं: ‘रात्री ओटा आवरला की दहा मिनिटं मला हाक मारू नका, काही जळत असेल तरच.’ कशासाठी, ते सांगितलं नाही. सासूबाईंनी दोन-तीन दिवस विचारलं, मग सोडून दिलं. आता त्याच मुलाला म्हणतात, ‘थांब, आई लिहितेय.’

वही कुणी वाचायची नाही हे स्पष्ट बोला. ते शक्य नसेल तर लिहून पान फाडून टाका. ठिपका तरीही मिळतो. आणि सवय लागायच्या आत नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर करू नका. शाबासकी आधीच मिळाली की कामातला जीव निघून जातो, आणि सुटलं की लोक विचारत राहतात.

9. दुसरा नेम

पहिला न आठवता होऊ लागला की मगच. कॅलेंडरवर महिन्याला पाचपेक्षा कमी खाडे, सलग दोन महिने, ही माझी कसोटी. दुसऱ्याला वेगळी खुंटी आणि वेगळ्या रंगाचा ठिपका. पहिल्या वर्षात माझे तीनच नेम झाले: ओळ, चालणं, लोकलमधले श्वास.

10. नेम पुरे पडत नाहीत तेव्हा

सवयी आजार बरा करत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप किंवा भूक पार बिघडली आहे, कामात लक्ष लागत नाही, असं असेल तर वही बंद न करता डॉक्टरांकडे जा. जगणंच नको असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 हा तिचा नंबर. मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर 112.

मानसोपचारतज्ज्ञ हे औषधं देणारे डॉक्टर असतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. कधी दोन्ही लागतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाहेरचे रुग्ण तपासतात, तिथे जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थही आहे. औषधं सुरू झाली तर बरं वाटताच स्वतःहून बंद करू नका, कमी करायची ती डॉक्टरांना विचारून.

पहिल्या भेटीला सोबत न्या:

- आधार कार्ड, सरकारी रुग्णालयात केस पेपर काढायला उपयोगी पडतं
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीसुद्धा
- आधीचे रक्ताचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12
- घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, याची माहिती
- पाळीच्या तारखा
- तुमची वही

रक्ताचे रिपोर्ट आणि तारखा का, ते माझ्यावरून सांगते. जून 2023 मध्ये मी गेले तेव्हा डॉक्टरांनी आधी वही मागितली. मे महिन्याच्या पानांवर जवळजवळ रोज ‘हातपाय गळाले’, ‘उठवत नाही’, ‘मुंग्या येतात’ असं होतं. मी ते दुःखाच्या खात्यात टाकलं होतं. त्यांनी त्या ओळींखाली पेन्सिलने रेघ ओढली, जेवणात काय काय असतं ते विचारलं आणि बी12 तपासायला सांगितलं. आम्ही शाकाहारी, दूधही मी कमीच घेते. बी12 फार खाली आलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली, जोडीला समुपदेशनाच्या सहा बैठका. दुसऱ्या भेटीत त्यांनी तीच वही पुन्हा उघडली आणि ‘रविवार संध्याकाळ’ लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, ‘हे मात्र इंजेक्शनने जाणार नाही. बाबांबद्दल सांगा.’